स्टारचं नाटक बघायचंय? ब्रॉडवे, लंडन, पृथ्वी आणि शिवाजी मंदिर यांचा हिशेब

२०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक थिएटरांच्या भागात, एथेल बॅरीमोर थिएटरात शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ लागलं. हॉलिवूडचे डेन्झेल वॉशिंग्टन ऑथेल्लो आणि जेक जिलेनहाल इयागो. तळमजल्यावरच्या चांगल्या खुर्च्यांचा दर होता ९२१ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने पाऊण लाखाच्या वर. तेवढ्या पैशात दादरला शिवाजी मंदिरात पुढच्या रांगांची दीडशे तिकिटं येतात. ‘बघा, आपलं नाटक किती स्वस्त’ असं म्हणून विषय मिटवता येईल. पण ज्याला खरंच ठरवायचंय त्याचं त्याने भागत नाही. कोणी मुलीकडे न्यू जर्सीला चाललंय, कोणाला कामासाठी आठवडाभर लंडनला राहायचंय, कोणी ठाण्यातच आहे आणि शनिवारी घरच्या चौघांना नाटकाला न्यायचंय. प्रत्येकाला पडद्यावर पाहिलेला चेहरा एकदा प्रत्यक्ष बघायचा आहे. पैसे टाकायचे कुठे?

माझं मत आधीच सांगतो. नावाला पैसे देऊ नका, रांगेला द्या. सिनेमाचा नट आपल्या ओळखीचा झालेला असतो तो क्लोजअपमधून. तिथे त्याने नुसती भुवई उचलली तरी ती भिंतभर होते. रंगमंचावर तीच भुवई सातव्या-आठव्या रांगेपर्यंत पोचते, फार तर दहाव्या. त्यामागे पोचतात फक्त आवाज आणि चाल. म्हणून महागड्या नाटकाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढून वरच्या बाल्कनीत बसणं हा माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा. ‘आम्ही त्याला बघितलं’ एवढं सांगता येतं, पण दिसलेला असतो एक लहानसा माणूस, वरून, टाळूच्या बाजूने.

ब्रॉडवे: कमी दिवस, कमी खुर्च्या

तिथला दर नटाच्या अभिनयावरून ठरत नाही, त्याच्या तारखांवरून ठरतो. हॉलिवूडचा नट दोन सिनेमांच्या मधले जेमतेम तीन-चार महिने देतो. आठवड्याला आठ प्रयोग, हजारभर खुर्च्यांचं थिएटर आणि निर्मितीचा सगळा खर्च तेवढ्याच मुदतीत वसूल व्हायला हवा. नटाला गल्ल्यात वाटाही असतो. मागणी वाढली की विमानाच्या तिकिटासारखा दर चढतो. ‘ऑथेल्लो’ने रीतसर शुभारंभाआधीच्या पूर्वप्रयोगांतच एका आठवड्यात २८ लाख डॉलरचा गल्ला जमवला. त्या आठवड्याचं सरासरी तिकीट होतं ३६० डॉलरच्या आसपास. लगेच पाठोपाठ विंटर गार्डन थिएटरात जॉर्ज क्लूनीचं ‘गुड नाइट, अँड गुड लक’ आलं आणि त्याने तो आकडाही मागे टाकला.

पुढची गंमत अशी. क्लूनीच्या नाटकाचा एक प्रयोग ७ जून २०२५ रोजी सीएनएनने थेट दाखवला. आत शेकडो डॉलर मोजून बसलेले लोक आणि घरी सोफ्यावर बसलेले लोक तेच नाटक एकाच वेळी बघत होते. घरच्यांना वर क्लोजअपही मिळाले. दुसरीकडे ‘ऑथेल्लो’ला ब्रॉडवेच्या मानाच्या टोनी पुरस्कारांत एकही नामांकन मिळालं नाही. नाटकातल्या सर्वोत्कृष्ट मुख्य अभिनेत्याचा टोनी त्या वर्षी कोल एस्कोलाला गेला, ‘ओह, मेरी!’साठी. हे नाटक ऑफ-ब्रॉडवेच्या छोट्या थिएटरातून वर आलेलं आणि त्याच्या मूळ संचात कोणी हॉलिवूडचा तारा नव्हता.

म्हणून न्यूयॉर्कला जाणाऱ्यांना माझा सल्ला असा की स्टारचं नाटक बघायचंच असेल तर एकच बघा, पण तळमजल्यावरून. ते परवडत नसेल तर सरळ टाइम्स स्क्वेअरच्या लाल पायऱ्यांखालच्या टीकेटीएस खिडकीवर जा. त्याच दिवसाच्या प्रयोगांची तिकिटं तिथे सवलतीत मिळतात. हाऊसफुल्ल चाललेलं स्टारचं नाटक तिथे सहसा नसतं, हे मात्र धरून चाला. रश (त्याच दिवशी आधी येईल त्याला स्वस्त तिकीट) आणि लॉटरी (तिकिटांची सोडत) यांवरही नजर ठेवा. त्यात कधी कधी पुढच्याच रांगा स्वस्तात निघतात.

ब्रॉडवेच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. जाहिरातीत ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्याही वर छापलेलं असतं, तो त्या दिवशी आला नाही तर साधारणपणे पैसे परत मिळतात किंवा तिकीट बदलून मिळतं. लंडनमध्ये हे गृहीत धरू नका. तिथे बदली नट उभा राहतो आणि प्रयोग होतो.

लंडन: वर महाग, खाली जागा आहे

लंडनमध्येही दर चढलेच आहेत. २०२४ मध्ये सॅव्हॉय थिएटरात सारा जेसिका पार्कर आणि मॅथ्यू ब्रॉडरिक हे खरोखरचं नवरा-बायकोचं जोडपं ‘प्लाझा स्वीट’ करत होतं. त्याचं वरचं तिकीट ३९५ पौंडांपर्यंत गेलं आणि तिथल्या वर्तमानपत्रांतून भरपूर ओरड झाली. पण त्याच वर्षी टॉम हॉलंडच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची तिकिटं दोन तासांत संपली, तेव्हा त्यातली हजारो २५ पौंड किंवा त्याहून कमी दराची होती. काही तर फक्त तिशीच्या आतल्यांसाठी आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांसाठी राखीव होती. ब्रॉडवेच्या तुलनेत लंडनमध्ये खालच्या पायऱ्या अजून शाबूत आहेत. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरात पाच पौंडांपासून उभ्याने नाटक बघता येतं, तेही अगदी रंगमंचाला खेटून. तिथे सिनेमातलं नाव असेलच असं नाही, पण अंतराच्या हिशेबात याला तोड नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या पॅलेडियम थिएटरात ‘एव्हिटा’ हे संगीत नाटक लागलं होतं. सिनेमांतून नावारूपाला आलेली रेचल झेग्लर त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं थिएटरच्या बाहेरच्या सज्जात उभी राहून म्हणायची, खाली रस्त्यावर जमलेल्या लोकांसमोर. आत तिकीट काढून बसलेल्यांना ते पडद्यावर दिसायचं. अडीचशे पौंडांच्या आसपास मोजलेला माणूस आत व्हिडिओ बघतोय आणि बाहेर पिशवी घेऊन घरी निघालेल्याला गाणं फुकट आणि समोर! काहींना याचा राग आला. मला विचाराल तर दिग्दर्शकाने नाटकातल्या राजकारणाला साजेसंच केलं, पण तिकीट काढलेल्याने चिडावं हेही रास्तच.

लंडनची मोठी नाटकं चित्रित होऊन एनटी (नॅशनल थिएटर) लाइव्हच्या नावाने मुंबईत एनसीपीएलाही दाखवतात. काही शे रुपयांत मोठा नट अगदी जवळून दिसतो. भुवई मिळते, माणूस मिळत नाही. लंडनला केवळ नाटकासाठी जायचा विचार मनात आलाच तर आधी हे एक बघून घ्या. पुष्कळांची हौस तिथेच भागते.

पृथ्वी: दहा फुटांवर

जुहूच्या पृथ्वी थिएटरात जेमतेम दोनशे खुर्च्या. रंगमंच प्रेक्षकांत शिरलेला आणि तीन बाजूंनी माणसं. नसीरुद्दीन शाह, रत्ना पाठक शाह, सौरभ शुक्ला अशी मंडळी इथे वर्षानुवर्षं काम करत आली आहेत आणि साध्या प्रयोगाचं तिकीट मराठी नाटकाच्या चांगल्या तिकिटाच्या आसपासच असतं. खुर्चीला नंबर नाही, जो आधी येईल तो पुढे बसेल. त्यामुळे पैशांऐवजी वेळ मोजायचा. तासभर आधी जाऊन आवारात चहा घेत रांग धरायची. उशीर झाला तर दार बंद. तिथे ‘ट्रॅफिक होता हो’ चालत नाही.

जाता जाता, १९७८ मध्ये पृथ्वीचा पडदा उघडला तो गो. पु. देशपांड्यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ या मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने, आणि त्यात नसीरुद्दीन शाह होते. त्यामुळे जुहूला जाणं म्हणजे परक्या गावी जाणं असं दादर-ठाण्याच्या प्रेक्षकाने मानायचं काही कारण नाही.

दर आणि अंतर दोन्ही धरले तर या सगळ्या यादीत पृथ्वी पहिली. अडचण एकच. ही तिकिटं लवकर उडतात आणि घरच्या चौघांना शेजारी-शेजारी जागा मिळेलच याची खात्री नाही.

मराठी व्यावसायिक नाटक

इथे मुळात प्रवाहच उलटा आहे. हॉलिवूडचा नट सिनेमातून नाटकात ‘येतो’ आणि त्याची बातमी होते. आपल्याकडे लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ, नाना पाटेकर नाटकातून सिनेमात गेले. २००२ च्या ‘सही रे सही’ने भरत जाधवांना घराघरांत नेलं. प्रशांत दामलेंनी नोव्हेंबर २०२२ मध्ये १२,५०० वा प्रयोग केला. बारा हजारांच्या वर प्रयोग करणाऱ्या माणसाच्या तारखा दुर्मीळ कशा असतील? आणि माल दुर्मीळ नाही तर भाव चढणार कसा?

शिवाय रचनाच वेगळी आहे. नट आठवडाभर मालिका किंवा सिनेमा करतो आणि शनिवार-रविवार नाटक. त्याला प्रयोगागणिक ‘नाइट’ (मानधन) मिळते. नाट्यगृह बहुतेक वेळा महापालिकेचं. सेट टेम्पोत, कलाकार आणि बॅकस्टेजची मंडळी बसमध्ये. नाटक चाललं तर वर्षानुवर्षं चालतं. हा शनिवार हुकला तर पुढच्या महिन्यात वाशीला किंवा बोरिवलीला बघू, असं म्हणायची सोय आहे. ब्रॉडवेच्या प्रेक्षकाला ती नाही आणि तो ९२१ डॉलर मोजतो तो त्यामुळेच.

दर ५०० रुपयांशी घुटमळतो त्यामागे कराचंही कारण आहे. नाटकाच्या तिकिटावर ५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही. एक रुपया वर गेला की १८ टक्के. त्यामुळे निर्माते पुढच्या रांगा ५०० ला धरतात, मागच्या ४००-३०० ला आणि बाल्कनी त्याखाली. म्हणजे पहिली रांग आणि शेवटची रांग यांत फरक दोन-तीनशे रुपयांचा. एवढ्यासाठी बाल्कनीत बसू नका! चौघांचे मिळून हजारभर वाचतात, तेवढे तर येण्याजाण्याची टॅक्सी आणि मध्यंतरातल्या वडा-कॉफीत सहज जातात.

बाल्कनीतूनही पैसे वसूल होतात ते आवाज कमावलेल्या नटांच्या नाटकात. २०२२ मध्ये ‘चारचौघी’ पुन्हा रंगमंचावर आलं. त्यातला मुक्ता बर्वेंचा फोनवरचा लांबलचक प्रसंग घ्या. समोर दुसरा नट नाही, पलीकडचा आवाज ऐकू येत नाही, हातात फक्त रिसीव्हर. चेहरा दिसला नाही तरी वाक्यं कुठे अडखळतात, श्वास कुठे लांबतो हे शेवटच्या रांगेत कळतं. याउलट फक्त मालिकेत किंवा सिनेमात वाढलेला नट असेल तर सगळी भिस्त माइकवर. मग पहिल्या आठ रांगांत जागा नसेल तर ते नाटक सोडून दुसरं बघा, असं मी स्पष्ट सांगेन.

आपल्या नाटकाचे तोटेही आहेत. वातानुकूलन कधी गोठवतं, कधी रुसतं. स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. भर प्रसंगात मोबाइल वाजतो आणि नटाने प्रयोग थांबवून प्रेक्षकांना सुनावल्याच्या बातम्या येतात. नट आजारी पडला किंवा शूटिंगला अडकला तर बहुतेक वेळा प्रयोगच रद्द होतो. खिडकीवर पैसे परत मिळतात, टॅक्सीचे मिळत नाहीत.

न्यू जर्सीला निघालेल्यांनी तिथल्या महाराष्ट्र मंडळाचं वेळापत्रकही बघावं. दौऱ्यावर आलेलं मराठी नाटक शाळेच्या सभागृहात होतं, सेट आटोपशीर असतो, पण ब्रॉडवेच्या एका तिकिटात सगळं घर नाटक बघून येतं.

तर मग

आयुष्यात एकदाच आणि एका ठरावीक नटासाठी जीव टाकत असाल तर न्यूयॉर्कचं तळमजल्याचं तिकीट काढा आणि किमतीचं कोणाला सांगू नका. विद्यार्थी असाल आणि लंडनला असाल तर सकाळी उठून स्वस्त तिकिटांसाठी झगडा, ते जमतं. मुंबईत एकट्या-दुकट्याने जायचं असेल तर पृथ्वी. आई-वडील, मुलं, सगळा गोतावळा असेल तर शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, पुण्यात बालगंधर्व, आणि दुसरा विचार करू नका.

तिकीट ॲपवर काढलं तरी चालतं, पण नाट्यगृह जवळ असेल तर प्लॅन (खुर्च्यांचं बुकिंग) उघडल्या दिवशी खिडकीवर जा. अगदी पहिल्या दोन रांगा टाळा, मान अवघडते आणि नटाचे बूटच जास्त दिसतात. चौथी ते आठवी रांग, मधला पट्टा मागा. कडेची खुर्ची देत असतील तर तिथून विंगेजवळचं काही कापलं जातं का, हे विचारा. रोज प्लॅनवर खुणा करणाऱ्या माणसाला ते पाठ असतं. आणि जाहिरातीत ‘नव्या संचात’ हे शब्द दिसले तर पैसे काढण्याआधी फोटोंखालची नावं नीट वाचा. ज्याच्यासाठी निघालात तो नट कदाचित मागच्याच महिन्यात नाटक सोडून गेलेला असेल.