शाळा-समुपदेशकांचा सुपरव्हिजन गट, कोथरूड

सुपरव्हिजन म्हणजे समुपदेशकाने आपल्या केस अनुभवी व्यक्तीसमोर मांडून मार्गदर्शन घेणं. इथे सहा समुपदेशक, एक ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ ताई, दोन तास. पद्धत बालिंट गटाच्या धर्तीची. मायकेल आणि एनिड बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांसाठी असे गट चालवले. मुलाचं नाव, शाळा वगळून केस मांडायची, मग खुर्ची मागे सरकवून इतरांचं नुसतं ऐकायचं. मधे बोलायचं नाही, हे फार जड जातं! नववीतल्या एका मुलीबद्दल मी उपाय विचारायला गेले होते. ताईंनी विचारलं, “तिच्या आईचा राग येतो का तुम्हाला?” येत होता. त्या मुलीसोबतचं पुढचं सत्र त्यामुळे वेगळं झालं. फी परवडते. गटात दहा जण घेतात तेव्हा मात्र केस उरकल्या जातात. सहाच ठेवा, कळकळीची विनंती. केसमधल्या मुलाच्या आत्महत्येची जोखीम असेल तर गटाच्या तारखेसाठी थांबू नका, लगेच स्वतंत्र सुपरव्हिजन घ्या.