स्टँडिंग डेस्क घेताय? आधी ते किती खाली येतं ते बघा

मोटरवर वर-खाली होणारं टेबल घेताना बहुतेकजण विचारतात, ते किती वर जातं? आधी विचारायला हवं ते किती खाली येतं. डेस्क आणलं तरी दिवसातला बराचसा वेळ बसूनच काम होणार आहे, आणि बसायची उंची चुकली की मान-खांद्यांचं दुखणं नव्या टेबलावरही तसंच राहतं.

दोन टप्प्यांच्या पायांचं, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या पायांचं डेस्क साधारण ७० ते १२० सेंटिमीटर या पट्ट्यात फिरतं, तीन टप्प्यांचं ६० ते १२५. आता १५५ सेंटिमीटर उंचीची व्यक्ती घ्या. बसल्यावर तिचं कोपर जमिनीपासून ६२-६३ सेंटिमीटरवर येतं. टेबल ७० वर थांबलं की ती खुर्ची वर घेते, टाचा अधांतरी राहतात, सीटची पुढची कड गुडघ्यामागे रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. खुर्ची खालीच ठेवली तर खांदे उचलून टायपिंग करावं लागतं. म्हणून उंची १६५ च्या खाली असेल तर तीन टप्प्यांचंच घ्या. दोन टप्प्यांचं आधीच घेतलं असेल, तर पायाखाली भक्कम फूटरेस्ट हवाच.

मोटर दोन असाव्यात, प्रत्येक पायाला एक. एका मोटरवर चालणाऱ्या डेस्कमध्ये आडव्या दांड्याने दोन्ही पाय फिरवले जातात. ते हळू चालतं आणि एका बाजूला जास्त वजन ठेवलं की कुरकुरतं. या मोटरी सलग चालवण्यासाठी नसतात. बहुतेक डेस्कना २ मिनिटं चालल्यावर १८ मिनिटं विश्रांती लागते. सारखं वर-खाली केलं की कंट्रोलर बंद पडतो आणि लोक डेस्क बिघडलं समजतात. थोडं थांबा, मग खाली जायचं बटण दाबून टेबल अगदी तळाला न्या आणि बटण तसंच धरून ठेवा. पाय किंचित खाली-वर झाले की रीसेट झालं. बऱ्याच मॉडेलना हीच पद्धत चालते, तरी सोबतचं पत्रक एकदा बघून घ्या.

डळमळणं ही सगळ्यात मोठी तक्रार. उभ्याच्या उंचीला टाइप करताना मॉनिटर थरथरू लागतो. जोडणी करताना सगळे स्क्रू आधी सैल बसवा, चौकट जमिनीवर सरळ टेकली की मग आवळा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा आवळा. या दुसऱ्या वेळेलाच बहुतेकजण विसरतात.

वायरींचं काम मात्र सावकाश करा. एक्स्टेन्शन बोर्ड टेबलाच्या फळीला खालून स्क्रूने बसवा, सगळ्या वायरी त्यात लावा आणि भिंतीकडे एकच वायर जाऊ द्या. टेबल सगळ्यात वर नेऊन तिथे वायरीला किती ढील लागते ते मोजा. खालच्या उंचीवर नीट बांधलेल्या वायरी वर जाताना ताणतात, मॉनिटरची पिन उपटते किंवा जमिनीवरचा सीपीयू ओढला जातो. अडथळा ओळखणारा सेन्सर ताणलेली वायर ओळखेलच असं नाही.

मेमरी बटणं नसलेलं डेस्क घेऊच नका. प्रत्येक वेळी उंची शोधत बसावं लागलं की महिन्याभरात ते कायमचं बसायच्या उंचीवरच राहतं. बसायची आणि उभ्याची अशा दोन उंच्या साठवा. त्या ठरवताना खांदे सैल, कोपर काटकोनात, पायात नेहमीचे बूट. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा. लॅपटॉप असेल तर वेगळा कीबोर्ड घ्यावाच लागेल, नाहीतर एकतर मान वाकते किंवा मनगटं.

पहिल्या आठवड्यात एका वेळी १५ मिनिटंच उभं राहा. टाचा दुखतात, म्हणून जाड मॅट लागते. गुडघे ताठ ठेवू नका, आणि १०-१५ सेंटिमीटर उंचीच्या पाटावर आळीपाळीने एकेक पाय ठेवा. २०१५ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने कामाच्या वेळेत उभं राहणं आणि हलकी हालचाल मिळून आधी २ तास, मग हळूहळू ४ तासांपर्यंत न्यायला सुचवलं होतं. सलग ४ तास खांबासारखं उभं राहणं त्यात अभिप्रेत नाही.

वजन उतरेल या आशेने मात्र हे टेबल घेऊ नका. उभं राहून तासाला बसण्यापेक्षा जेमतेम ९ कॅलरी जास्त खर्च होतात. खरा फरक पडतो तो हालचालीने. १९५३ मध्ये संशोधक जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांत कंडक्टरांपेक्षा हृदयविकार जास्त असल्याचं दाखवलं. ते कंडक्टर दिवसभर दुमजली बसचे जिने चढत-उतरत असत. २०१२ च्या एका प्रयोगात दर २० मिनिटांनी २ मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची रक्तातली साखर कमी चढली. पोटऱ्या आकुंचन पावतात तेव्हा पायांतलं रक्त वर ढकललं जातं, त्यामुळे टेबल वर घेतानाच दोन मिनिटांची चक्कर मारून या. ही सवय लागणार असेल तर डेस्कवर खर्च जरूर करा.

पायांच्या नसा फुगलेल्या असतील किंवा गरोदरपण असेल, तर उभं राहण्याचा वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि टेबल नेमकं कोपराच्या उंचीचं असेल तर त्याच्यावर ठेवायचा, वर-खाली होणारा कन्व्हर्टर टाळा: बहुतेक कन्व्हर्टरांचा कीबोर्डचा ट्रे खाली आणल्यावरही टेबलापेक्षा उंचच राहतो, आणि बसायची उंची बिघडते.