फूड फेस्टिव्हलच्या नावाखाली ३०,६१० रुपयांचा चुना, स्टॉल बुक करणाऱ्यांनो वाचा

डोकं अजून शांत झालेलं नाही त्यामुळे लिहिताना मागेपुढे होईल, सांभाळून घ्या. आमची भरीत-पुरीची फूड ट्रक आहे, खान्देशातल्याच एका शहरात. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण सासरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. मिस्टर गाडी चालवतात आणि वांगी भाजतात, गल्ला, फोन, ऑनलाईन पेमेंट सगळं माझ्याकडे. त्यामुळे घरात आता सगळे शहाणे झालेत आणि मी एकटी येडी.

ज्यांची गाडी आहे त्यांना सांगायला नको, धंदा चालणं हा प्रॉब्लेम नाहीच. गर्दी भरपूर आहे, हिवाळ्यात तर साडेसातला पुऱ्या कमी पडतात. प्रॉब्लेम आहे उभं कुठे राहायचं. आरटीओच्या लेखी ते वाहन, महापालिकेच्या लेखी अतिक्रमण, ट्रॅफिकवाल्यांच्या लेखी अडथळा. फूड लायसन्स काढलंय, गाडीवर लावलंय, पण ते खाण्याचं, जागेचं नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण आहे, प्रमाणपत्र आहे, सगळं आहे, पण आमच्या इथल्या खिडकीवर सांगितलं की ताई तुमची इंजिनवाली गाडी, ती हातगाडीत बसत नाही. मग कशात बसते? ते साहेब आल्यावर. साहेब कधी येतात हे साहेबांना पण माहीत नसावं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की महोत्सवाचे स्टॉल विकायला आलेल्या त्या माणसाने आम्हाला महोत्सव विकलाच नाही, त्याने विकली परवानगी. पाच दिवस मैदानात हक्काने उभं राहायचं, लाईट त्यांची, पाणी त्यांचं, कोणी पथक येऊन सिलेंडर उचलणार नाही. गाडीवाल्याला याच्यापेक्षा मोठं आमिष कोणतं दाखवणार?

आणि तारीख काय निवडली बघा, चंपाषष्ठीपासून पुढे पाच दिवस. चातुर्मासात वांगं बंद असतं ते आपल्याकडे बरेच लोक चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच सोडतात, म्हणजे भरिताला उठाव तेव्हाच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय हे पण तो मलाच सांगत होता, "ताई आपण जीआय थीम ठेवतोय, तुमचा स्टॉल एंट्रीलाच देतो." एवढं बोलणारा माणूस बाहेरचा वाटतो का? त्याला आपलं सगळं माहीत होतं, आमच्या गाडीवर येऊन दोनदा खाऊन गेलेला, पैसे देऊन.

व्हॉट्सअ‍ॅपवर परवानगीचं पत्र आलं, त्यावर गोल शिक्का, जावक क्रमांक, खाली सही. मग हिशोब आला. भाडं १२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२५०, लाईटचे २,००० आणि त्याचा जीएसटी ३६०, परत मिळणारं डिपॉझिट १०,०००. झाले २७,११०. दोन दिवसांनी फायर एनओसीचे, म्हणजे अग्निशमनच्या ना-हरकत दाखल्याचे, ३,५००. फुकट द्या म्हणणारा चोर लगेच ओळखू येतो हो, जीएसटी लावून पावती देणारा ओळखू येत नाही. ती पावती नंतर नीट बघितली, जीएसटी नंबर चौदा अक्षरी. नंबर पंधरा अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, पोर्टलवर टाकला की कोणाचा आहे ते फुकट दिसतं. हे मला आता तोंडपाठ झालंय.

आता ती वेळ. संध्याकाळचे आठ, गाडीसमोर लाईन, माझे हात पुऱ्यांच्या कळण्याच्या पिठाने भरलेले, कढईत पुऱ्या. त्याचा फोन, ताई शेवटचे दोन स्टॉल राहिलेत, क्यूआर पाठवलाय, आत्ता टाका नाहीतर दुसऱ्याला देतो. मी करंगळीने मोबाईल उघडला, स्कॅन केलं, रक्कम टाकली, आणि वर नाव आलं कुठल्यातरी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. इव्हेंट कंपनीचं नाही. नाव मला दिसलं, मी वाचलं, आणि विचारलं पण, की हे कोणाचं नाव येतंय? तो एक सेकंद थांबला नाही. "ताई आमचं करंट अकाऊंट ऑडिटला आहे, हे आमच्या सीएंच्या भावाचं." सीएच्या भावाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान! आणि तेवढ्यात समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, वहिनी पुऱ्या जळतायत. मी पिन टाकला.

दिवसभर मीच गिऱ्हाईकाला म्हणते, दादा नाव वाचा आणि मग पाठवा. पण आठ वाजता लाईन असताना खातं कुणाचं हे तपासत बसायला कोणाकडे वेळ असतो, तुम्हीच सांगा. म्हणून पैसे भरायचे ते सकाळी भरा, गाडी बंद असताना. घाई लावली की समजा गडबड आहे. फायर एनओसीचे ३,५०० पण त्याच खात्यावर गेले, कारण एकदा विश्वास ठेवल्यावर दुसऱ्यांदा काय विचारायचं.

चंपाषष्ठीच्या पहाटे बामणोदकडची ८० किलो वांगी ३५ रुपयांनी, २,८०० ची, कपाशीच्या काड्यांवर निम्मी भाजून आम्ही मैदानावर पोचलो. पोरं क्रिकेट खेळत होती. मंडप नाही, बांबू नाही, साधी दोरी बांधलेली नाही. मोमोवाला, पाणीपुरीवाला, धुळ्याहून आलेला शेवभाजीवाला, चोपड्याच्या बचत गटाच्या बायका पापडांचे डबे घेऊन, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. वॉचमन म्हणे, कसला महोत्सव? फोन बंद.

भाजलेली वांगी काय करणार, तिथेच ठेचून, मिरची-लसूण-शेंगदाणे घालून निम्म्या भावात विकायला लागलो. तासाभरात अतिक्रमण पथक हजर. विनापरवाना उभे म्हणून १,००० रुपये दंड. मी ते परवानगीचं पत्र दाखवलं तर साहेब म्हणाले असं पत्र आमच्याकडून निघतच नाही, आणि दंडाची पावती फाडली. सगळ्या प्रकरणात तेवढी एक पावती खरी होती.

वांगी, दंड आणि मदतीच्या दोन माणसांना दिलेले २,००० धरून एकूण गेले ३६,४१०.

आता पोलीस स्टेशन. ठाणे अंमलदारांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मिस्टरांना विचारलं, "तुम्ही कुठे होतात?" मग म्हणे तुम्ही स्वतः पिन टाकलाय, तुमच्या मर्जीने पैसे दिलेत, हा आपसातला व्यवहार आहे, कोर्टात जा. मग म्हणे ऑनलाईन आहे ना, सायबरला जा. सायबरला म्हणे फसवणूक मैदानावर झाली, हद्दीच्या स्टेशनला जा. हद्दीच्या स्टेशनला म्हणे बंदोबस्त आहे, उद्या या. महापालिकेत गेलो, आमचा शिक्का खोटा वापरलाय तर तुम्ही तक्रार द्या म्हटलं, तर उत्तर काय, आम्ही परवानगी दिलीच नाही तर आमचा संबंध काय. अहो तुमचा शिक्का मारलाय! बँकेत गेलो तर ते म्हणतात एफआयआर आणा. एफआयआर मागितला तर पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट आणा. स्टेटमेंट नेलं तर त्यावर बँकेचा शिक्का नाही. एक हजाराचा दंड करायला माणसं तासाभरात येतात, तीस हजाराचा चोर धरायला सगळ्यांची हद्द संपते.

नंतर एका वकील गिऱ्हाईकाने सांगितलं, ज्याला आपण चारशेवीस म्हणायचो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही स्टेशनला नोंदवायचा गुन्हा, घ्यावा लागतो, आणि नाहीच घेतला तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींना पाठवायची. पाठवलीय, रजिस्टरने. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, पण नोंदवलंय, पण तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तेव्हा खात्यात शिल्लक असेल तर अडवता येते. आम्हाला कळलं तोवर पैसे जाऊन आठवडे झालेले.

कोणी मैदानातला स्टॉल विकत असेल तर परवानगीच्या पत्राचा जावक क्रमांक घेऊन स्वतः त्या ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नाही. आणि मैदान बघून या, मंडपवाला कोण, लाईटवाला कोण ते विचारा, त्यांना अ‍ॅडव्हान्स गेलाय का विचारा. मंडपवाल्याला सगळं माहीत असतं.

काल चोपड्याच्या त्या ताईंनी एक पत्रक पाठवलं. "हुरडा व खाद्य महोत्सव", जानेवारीत, दुसऱ्या गावात, कंपनीचं नाव वेगळं, मोबाईल नंबर वेगळा, पण क्यूआर स्कॅन केला तर तेच रिपेअरिंगचं दुकान. ज्यांनी ज्यांनी पैसे भरलेत ते आम्ही सगळे सोमवारी अकरा वाजता एकत्र एसपी ऑफिसला जातोय. पावतीच्या आणि चॅटच्या दोन-दोन प्रिंट आणा, मोबाईलमधलं दाखवलेलं तिथे बघत नाहीत, आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे एका पानाचे दहा रुपये घेतात तर घरूनच काढून आणा.