पहिलं स्टर्लिंग इंजिन: अल्फा करावं की गॅमा?

स्टर्लिंग इंजिन, म्हणजे आत कोंडलेली हवा आळीपाळीनं तापवून-गार करून चालणारं इंजिन, घरी करायचं असं एकदा मनानं घेतलं, की बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं: एक गरम आणि एक थंड अशा दोन पिस्टनचं अल्फा करावं, की डिस्प्लेसरवालं (म्हणजे हवा गरम आणि थंड बाजूंमध्ये ढकलणाऱ्या सैल दट्ट्याचं) गॅमा? व्हिडिओत दोन्ही सारखीच सोपी दिसतात आणि सामानही जवळजवळ तेच लागतं. बीटा हा तिसरा प्रकार मी इथे बाजूला ठेवतो. एकाच सिलिंडरात पिस्टन आणि डिस्प्लेसर, आणि पिस्टनच्या पोटातून आरपार जाणारा दांडा ही रचना फार देखणी असते, पण लेथवर हात बसलेला नसेल तर पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये. अल्फा आणि गॅमा मी दोन्ही केली आहेत आणि दोन्ही आजही घरात आहेत. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. आधी अल्फाची बाजू नीट मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

अल्फाची पहिली जमेची गोष्ट म्हणजे क्रँक, पिस्टनच्या मागेपुढे होण्यातून चक्र फिरवणारा भाग. दोन सिलिंडर एकमेकांशी काटकोनात बसवले, की दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर येतात आणि दोघांच्या चालीत हवा असलेला नव्वद अंशांचा फरक आपोआप मिळतो. गॅमात बहुधा दोन क्रँक करावे लागतात आणि त्यांच्यातला कोन हातानं जुळवावा लागतो. दुसरं, अल्फात सगळे भाग ओळखीचे. दोन काचेच्या सिरिंज, मध्ये जोडनळी, नळीत रिजनरेटर (हवेची उष्णता धरून ठेवून तिला परत देणारा भाग) म्हणून भांडी घासायच्या तारेच्या घासणीचा विरळ बोळा, बस्स. आणि तिसरं म्हणजे वेग. नीट जमलेलं अल्फा असं काही पळतं, की बघणाऱ्याला हे फक्त गरम हवेवर चाललंय यावर विश्वास बसत नाही. आकाराच्या मानानं ताकदही अल्फातच जास्त मिळते.

पण ताकदीच्या मुद्द्यावर पहिल्या इंजिनाची निवड करू नये, असं मला वाटतं. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात असताना फ्री-पिस्टन (क्रँकशिवाय मोकळ्या पिस्टनचं) स्टर्लिंग ज्यांनी घडवलं, त्या विल्यम बील यांच्या नावानं एक अंदाजाचं सूत्र आहे: बारमधला दाब, सेकंदाला होणारे फेरे आणि पिस्टन एका धावेत जेवढी जागा व्यापतो ते घनसेंटिमीटर, या तिघांच्या गुणाकाराला ०.०१५ नं गुणलं की वॅट मिळतात. आपल्या इंजिनात दाब वातावरणाचा, म्हणजे १ बार. सिरिंज ५ घनसेंटिमीटरची आणि फेरे सेकंदाला १० धरले, तर उत्तर येतं ०.७५ वॅट. तेसुद्धा गरम टोक लालसर तापलेल्या, काटेकोर बनवलेल्या इंजिनाचं. आपल्या हाती त्यातला लहानसा अंश येतो. त्यावर एक एलईडी मजेत पेटतो, कारण त्याला ०.०६ वॅट पुरतात. मोबाईल चार्ज करायचा विचार मात्र दोन्ही प्रकारांत सोडून द्यावा. घरच्या इंजिनाकडून मला हवं असतं ते एवढंच, की सुरू केल्यावर ते फिरत राहावं. आणि नेमकं तिथेच माझं अल्फाशी बिनसलं.

माझं अल्फा सुरू व्हायला कधीच कुरकुर करत नाही. स्पिरिटचा दिवा खाली ठेवा, मिनिटभर थांबा, चक्राला बोट लावा, की ते पळतं. मग थोड्याच वेळात आवाज बदलतो. हलकी टकटक जड होते, फेरे मंदावतात, गरम बाजूचा पिस्टन आतल्या टोकाशी जराजरा रेंगाळायला लागतो आणि इंजिन उभं राहतं. हातानं फिरवायला जावं तर पिस्टन जागचा हलत नाही. दिवा बाजूला करून सगळं गार होऊ दिलं, की तोच पिस्टन पुन्हा सुरळीत सरकतो, जणू काही झालंच नव्हतं. काहीही मोडलेलं नसतं, त्यामुळे दुरुस्तही काही करता येत नाही.

कारण सरळ आहे. पिस्टन हवाबंद बसायचा तर त्याच्या आणि सिलिंडरच्या मधली फट मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांपलीकडे जाऊन चालत नाही. सिरिंजमध्ये नळी आणि दट्ट्या दोन्ही काचेचे असतात, पण नळीला बाहेरून हवा लागते आणि आतल्या दट्ट्याला उष्णता टाकायला जागाच नसते. तो नळीपेक्षा जास्त तापतो, जास्त फुगतो आणि अडकतो. धातू वापरला तर हिशेब उघड मांडता येतो. २० मिलिमीटर बोअरचं, म्हणजे आतल्या व्यासाचं, स्टीलचं सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन, दोन्ही १०० अंशांनी तापले, तर पिस्टन सुमारे ०.०४६ मिलिमीटर फुगतो आणि सिलिंडर ०.०२४. म्हणजे फट ०.०२२ नं कमी झाली. ठेवलेली फटच तेवढी होती! फट वाढवावी तर थंड असताना हवा गळते आणि इंजिन सुरूच होत नाही. तेल घालावं तर आधी ते पातळ होतं, मग धुरतं, मग चिकट राळ होऊन बसतं. ग्राफाइटची भुकटी त्यातल्या त्यात बरी, पण भुकटीनं फुगणं थांबत नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. गरम सिलिंडराचा मधला भाग पातळ भिंतीच्या स्टेनलेस स्टीलचा ठेवतात. स्टेनलेस पितळेच्या मानानं उष्णता खूपच कमी वाहून नेतं, जेमतेम सातवा हिस्सा. पिस्टन लांब, पोकळ करतात, त्याचं डोकं आगीच्या बाजूला ढिलं ठेवतात आणि हवाबंद बसणारा भाग मागे, थंड जागी आणतात. तिथे उष्णता बाहेर टाकणारे पंख किंवा पाण्याचं जॅकेट देतात. असं केलेलं अल्फा तासन् तास चालू शकतं. पण एवढं करायचं तर लेथ हवा, चांगला टर्नर हवा आणि कनेक्टिंग रॉडचा तिरपा रेटा कमी करायची काहीतरी युक्तीही हवी. मग ‘दोन सिरिंज आणि एक नळी’ हा सोपेपणा उरला कुठे?

गरम टोकाची ही कटकट जुनीच आहे. रॉबर्ट स्टर्लिंग यांचं पेटंट १८१६ चं. त्यांचे भाऊ जेम्स यांनी १८४३ मध्ये डंडीच्या ओतशाळेतलं वाफेचं इंजिन हवेवर चालणारं करून घेतलं. गरम टोकाचं बीड आगीपुढे पुन्हा पुन्हा दगा देत राहिलं आणि काही वर्षांत तिथे परत वाफ आली. त्या काळच्या कारागिरांनाही जे टोक आवरलं नाही, तिथे आपण शतांशाच्या मापाचं नाजूक काम ठेवू नये, असं माझं मत बनत गेलं.

गॅमा मला इथेच पटलं. आगीशी ज्याचा संबंध येतो तो डिस्प्लेसर हवाबंद नसतोच. त्याच्या दोन्ही बाजूंना दाब जवळजवळ सारखा असतो, त्याचं काम फक्त हवा इकडून तिकडे ढकलायचं. भोवती एक-दीड मिलिमीटरची फट ठेवली तरी चालतं, किंबहुना हवेला जायला वाट तीच. तो तापून वाकडा झाला, फुगला, तरी त्या फटीत सगळं सामावून जातं. हवाबंद पिस्टन एकच, आणि तो थंड बाजूला. माझ्या डब्याच्या गॅमाचा खालचा तळ हात लावता येणार नाही इतका तापलेला असताना पिस्टनच्या नळीला बोट लावलं तर ती जेमतेम कोमट लागते. दिव्यातलं स्पिरिट संपेपर्यंत ते फिरत राहतं.

गॅमाचेही दोष आहेत आणि ते सांगायलाच हवेत. जोडनळीतली हवा फुकट दाबली-सोडली जाते, त्यामुळे ती नळी जमेल तितकी आखूड ठेवावी. आणि डिस्प्लेसरचा दांडा जिथून बाहेर येतो ती ग्लँड नवख्याला रडवते. घट्ट केली तर घर्षण सगळी ताकद खाते, ढिली ठेवली तर हवा निसटते. यातून बाहेर पडायचा मार्ग म्हणजे ग्लँड लांब करणं. पितळेची बारीक नळी साधारण २० मिलिमीटर लांब घ्यावी, तीत सहज सरकणारी सरळ पोलादी तार शोधावी आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. नळी उभी धरली की तार स्वतःच्या वजनानं खाली आली पाहिजे. फट लांबट आणि अरुंद असली की गळती फारच थोडी होते. आधी नळी घ्यावी आणि दुकानातच तिच्यात तारा घालून बघाव्यात. ही तडजोड थंड जागी होते, त्यामुळे एकदा जुळली की जुळलेलीच राहते. अल्फाच्या पिस्टनबद्दल मला असं म्हणता येत नाही.

पॉवर पिस्टनसाठी, म्हणजे गॅमातल्या त्या एकमेव हवाबंद पिस्टनसाठी, काचेची सिरिंज मिळाली तर उत्तमच. जुन्या पद्धतीच्या सिरिंजच्या नळीवर आणि दट्ट्यावर बहुधा एकच नंबर असतो, तो जुळतोय का बघून घ्यावा. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्यांकडे त्या मिळतात. तपासणी अशी: सिरिंज आडवी-उभी करून दट्ट्या आपल्या वजनानं घसरतोय का बघा. मग टोकाला बोट दाबून तीच उभी धरा. आता दट्ट्या अगदी सावकाश उतरला पाहिजे. धपकन आला तर गळती, अडला तर घर्षण. या चाचणीत न बसणारी सिरिंज इंजिनात लावण्यात अर्थ नाही, मग प्रकार कुठलाही असो.

गॅमा ठरलंच तर आगीवरचं की चहाच्या भांड्यावरचं, हा पुढचा प्रश्न. झाग्रेबच्या इव्हो कोलिन यांनी १९८३ मध्ये गरम पाण्यावर चालणारं इंजिन दाखवलं, आणि त्या वाटेनं पुढे जाऊन अमेरिकेतल्या जेम्स सेन्फ्ट यांनी अर्ध्या अंशाच्या फरकावर फिरणारं इंजिन केलं. हे दिसायला लोभस, पण घर्षणाच्या बाबतीत फार कडक. कोलिन यांचा आडाखा उपयोगी आहे: तापमानातल्या फरकाला ११०० नं भागा आणि त्यात १ मिळवा, तेवढं कॉम्प्रेशन गुणोत्तर (आतल्या हवेच्या सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी जागेचं गुणोत्तर) ठेवा. फरक ६० अंशांचा असेल तर १.०५५. म्हणजे डब्यात १८० घनसेंटिमीटर हवा असेल तर पिस्टननं एका धावेत १० घनसेंटिमीटरच जागा व्यापावी. मोठा पिस्टन लावायचा मोह आवरावा, ते फिरणार नाही. थर्माकोलचा डिस्प्लेसर उकळत्या पाण्याच्या वाफेवर वाकतो, म्हणून पाणी उकळी फुटायच्या आतलं असावं. मे महिन्यात कोल्हापुरातसुद्धा वरची, थंड राहायला हवी ती पट्टी इतकी तापलेली असते, की चहापेक्षा बर्फ बरा पडतो. बर्फावर ठेवल्यावर चक्र उलट्या दिशेनं फिरतं, आणि शाळेतल्या मुलांना ते दाखवण्याजोगं दुसरं काही नाही.

माझ्या मते पहिलं इंजिन डब्याचं, दिव्यावरचं गॅमा असावं आणि चहावरचं त्याच्यानंतर. तोवर ग्लँडचा हात बसलेला असतो. ज्यांची उद्यमनगरात, भोसरीत किंवा सातपूरला एखाद्या टर्नरशी ओळख आहे, ज्यांना वेगाचीच ओढ आहे, किंवा प्रदर्शनात दोन-तीन मिनिटंच दाखवायचं आहे, त्यांनी अल्फा जरूर करावं. फक्त पहिल्याच आराखड्यात गरम पिस्टन लांब काढावा, मध्ये स्टेनलेसची पातळ नळी ठेवावी आणि थंड टोकाला पाणी खेळवायची सोय करून ठेवावी. नंतर ती बसवायला जागा राहत नाही.