गाभण म्हणून घेतल्या, निघाल्या भाकड

माझ्याकडे एक बॉल पायथन (परदेशी, छोटा अजगर) आहे, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवलेला, कागदपत्रं सगळी आहेत, आधीच सांगून टाकतो कारण कुणीतरी विचारणारच. तो उंदराशिवाय काही खात नाही. सुरुवातीला डोंबिवलीहून क्रॉफर्ड मार्केटला जाऊन आणायचो, पण परतीच्या लोकलमध्ये पिशवीतून खुडबुड सुरू झाली की शेजारचा माणूस ज्या नजरेने बघतो ना... म्हणून मग घरीच एक नर दोन माद्या ठेवल्या. माझ्या एका सापाला ते पुरून उरत होतं, पण ओळखीतले पाच-सहा साप पाळणारे पण मागायला लागले आणि मला वाटलं चला, पैदाशीची तयार कॉलनीच, म्हणजे उंदरांचा कळपच, विकत घेऊ.

एकाची जाहिरात दिसली. एक नर, चार माद्या, 'प्रूव्हन' (म्हणजे आधी व्यायलेल्या), वय पाच महिने, दोघी गाभण, टबसकट सात हजार. सोबत व्हिडिओ, निळ्या टबात एक मादी आणि खाली अकरा पिंकी, म्हणजे नुकती जन्मलेली पिल्लं, गुलाबी, वळवळणारी. टबचा एक कोपरा वितळून आत गेलेला, इस्त्री टेकवल्यासारखा. मी दोन हजार लगेच पाठवले, बाकीचे माल घेताना.

घरी बोलवेना. आईला आवडत नाही म्हणाला, मला पटलं, माझ्या आईला तरी कुठे आवडतं. बदलापूर स्टेशनबाहेर संध्याकाळी सात वाजता अंधारात भेटलो, टबवर ओढणी टाकलेली आणि टब निळा नव्हताच, पांढरा होता, तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. एक मादी उचलून पोट दाखवलं, बघा साहेब, आठवड्यात व्यायला पाहिजे. निघताना हळूच विचारतो, धामणीचं पिल्लू पण आहे, देऊ का? अरे, धामण घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे या धंद्यातल्या माणसाला माहीत नसेल का? तिथेच पाठ फिरवायला हवी होती. नाही फिरवली, दोन हजार अडकले होते ना.

उंदरीचे दिवस २१ ते २३, त्यामुळे आज लागली असली तरी तीन आठवड्यात पिल्लं दिसायलाच हवीत. कालनिर्णयावर २३ व्या दिवसाला गोल केला. २३ गेला, २६ गेला, पोट होतं तेवढंच. शेवटी नीट हातात धरून चाचपली तर पोट भरलेलं नाहीच, मागच्या पायाजवळ एका बाजूला लिंबाएवढी गाठ, बोटाखाली कातडीत सरकणारी, आणि पाठीवर हात फिरवला तर मणके लागतायत. डॉक्टरांनी बघून सांगितलं, ही स्तनाची गाठ, म्हाताऱ्या माद्यांना सर्रास होते, दुसरी नुसतीच लठ्ठ, आणि वय पाच महिने नाही, दीड वर्ष तरी असेल. एवढ्या वयात मादी बहुतेक ओसरलेलीच असते, पिल्लं होत नाहीत. म्हणजे पैदास करणारा जी जनावरं बाद करतो, तीच नव्या माणसाच्या गळ्यात प्रूव्हन म्हणून. खोटंही नाही म्हणा, कधीकाळी व्यायल्या असतीलच!

इथवर सात हजाराचं नुकसान म्हणून सोडून दिलं असतं. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्यातला नर शिंकायला लागला होता, रात्री शांत असताना चिक् चिक् आवाज यायचा, आणि नाकाडोळ्याभोवती लाल. मला वाटलं रक्त. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो, आजारात किंवा ताणात वाढतो. डॉक्टर म्हणाले मायकोप्लाझ्मा, म्हणजे श्वासाचा जिवाणू-संसर्ग दिसतोय, औषधाने दबेल, कॉलनीतून जाणार नाही. आणि मी शहाण्याने नवा टब जुन्या टबांच्या शेजारी, त्याच कपाटात ठेवलेला. निदान तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचे असतात, माहीत होतं मला, पण टू बीएचकेमध्ये वेगळी खोली म्हणजे आईबाबांची. महिन्याभरात माझे तिन्ही शिंकायला लागले, पैदास थांबवावी लागली, आणि ज्यांना पिल्लं कबूल केली होती त्यांची बोलणी वेगळीच.

त्याला फोन केला तर म्हणे भुसा बदला, मग म्हणे तुमच्याकडची हवा मानवली नाही, मग ब्लॉक.

तर घेणार असाल तर तयार व्हिडिओवर जाऊ नका, व्हिडिओ कॉल करा आणि त्याला सांगा आत्ता तीच मादी उचल, पोट दोन्ही बाजूंनी दाखव. टब कानाजवळ धरून दोन मिनिटं गप्प बसा, शिंक ऐकू येते. आणि मोठ्या माद्या घेऊच नका, पाच-सहा आठवड्यांची पिल्लं घ्या, दोन-तीन महिने थांबावं लागेल पण वय तरी डोळ्यासमोर असतं.

गाठवाली गेली. उरलेल्या तिघी अजून आहेत, सापाला द्यायचा प्रश्नच नाही, आईच त्यांना शेंगदाणे घालते. परवा एका मित्राने विचारायला म्हणून नवीन जाहिरात पाठवली, नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव आठ हजार. टब निळा, कोपरा वितळलेला.