इंडक्शनची कुकिंग रेंज: माहीमच्या घरातील दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्या माहीमच्या घरी इंडक्शनची कुकिंग रेंज आली. ती ६० सेंटीमीटर रुंद असून ओट्याच्या दोन भागांमधल्या जागेत स्वतंत्र उभी राहते. वर काचेखाली चार इंडक्शन कॉइल आणि खाली विजेचा ओव्हन आहे. काचेवर आखलेल्या चार वर्तुळांना घरात सगळे सवयीने बर्नरच म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहीत आहे. आता जुलै सुरू आहे. दिवाळीचा फराळ, संक्रांतीचा तिळगूळ, एप्रिलमधले पाहुणे आणि अर्धा पावसाळा इतके सगळे या रेंजवर पार पडले असल्याने आता तिच्याविषयी लिहायला हरकत नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बहुतेक सर्व कोणत्याही बनावटीच्या रेंजला सारखेच लागू आहे.

सर्वांत आधी वायरिंग. रेंज पोहोचवायला आलेल्या दुकानाच्या माणसाने फ्रिजशेजारचा १६ अँपिअरचा प्लग पाहिला, "यावरच चालेल, मॅडम" असे म्हटले आणि वायरीला थ्री-पिन टॉप जोडायला बसला. मी त्याला थांबवले नसते तर हा अनुभव वेगळ्या प्रकारे लिहावा लागला असता. गणित साधे आहे. २३० व्होल्टला १६ अँपिअर म्हणजे ३.६८ किलोवॅट. आमच्या रेंजचे चार बर्नर मिळून ७.२ किलोवॅट आणि ओव्हन २.९ किलोवॅट घेतो. सगळे एकदम पूर्ण क्षमतेने चालले तर १० किलोवॅटच्या वर, म्हणजे जवळजवळ ४४ अँपिअर. १६ अँपिअरच्या प्लगवर इतका भार टाकला की आधी प्लग काळा पडतो, मग वायरीचे आवरण वितळते, आणि हे सारे भिंतीत किंवा रेंजच्या मागे होत असल्याने वास येईपर्यंत कोणाला कळत नाही. एक्स्टेन्शन बोर्डाचा तर विचारही करू नये.

आमची इमारत जुनी, घराचा मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीने एका वेळी वापरायला मान्य केलेली वीज, ५ किलोवॅट. त्यामुळे परवानाधारक कंत्राटदारामार्फत बेस्टकडे भार वाढवण्याचा अर्ज केला आणि मंजुरी येईपर्यंत रेंज खोक्यातच ठेवली. उपनगरांत वीजपुरवठा करणारी कंपनी वेगळी असेल, पण मंजूर भार बिलावर छापलेला असतो आणि रेंज पसंत करण्याआधी तो आकडा पाहावा, एवढे सगळीकडे सारखेच. त्यानंतर मुख्य बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढली, तिला ३२ अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अर्थिंगला किंवा अंगातून गळू लागली की पडणारा स्विच) लावला आणि इमारतीचे अर्थिंग तपासून घेतले. रेंज बंद करण्याचा मोठा स्विच वायरमन तिच्या बरोबर मागे बसवणार होता. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्या आगीवरून हात घालून स्विच कोण बंद करणार, असे विचारल्यावर त्याने तो दाराजवळ, बाजूच्या भिंतीवर घेतला. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन रेंजची एकूण मर्यादा ६ किलोवॅटवर बांधली. तीन बर्नर जोरात चालू असताना चौथा लावला की रेंज आपोआप इतरांची शक्ती थोडी कमी करते. दिवाळीत त्यामुळे दोनदा चिडचिड झाली, एरवी फरक जाणवतही नाही.

मग आला सवयीचा प्रश्न. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी रेंजसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, ज्योतच दिसत नाही, मग चालू आहे की बंद ते कळणार कसं?" त्यांची शंका अगदी मुद्द्याची होती. गॅसवर मंद, मध्यम, मोठा हे आपण डोळ्यांनी ठरवतो, आणि विझलेली ज्योतही डोळ्यांनाच दिसते. इंडक्शनमध्ये काचेखालच्या तांब्याच्या कॉइलमधून उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह जातो, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात प्रवाह निर्माण होतात आणि बूड स्वतःच तापते. काच स्वतः तापत नाही, असे विक्रेते सांगतात ते अर्धेच खरे. तापलेल्या भांड्याची उष्णता काचेत उतरते आणि तासभर पोळ्या लाटून झाल्यावर तव्याखालची काच हात भाजण्याइतकी गरम असते. ती गरम असेपर्यंत पॅनेलवर इंग्रजी एच अक्षर दिसत राहते. मावशींना इंग्रजी वाचता येत नसले तरी "शिडीसारखं अक्षर दिसतंय तोवर हात लावायचा नाही" हे त्यांनी स्वतःच ठरवून घेतले, आणि माझ्या पाच वर्षांच्या मुलीलाही हेच शब्द पाठ झाले आहेत.

भांडे उचलले की बर्नर काही वेळाने आपोआप बंद होतो, यावर विसंबून राहू नये. त्या मधल्या वेळात कोणी दुसरे भांडे किंवा स्टीलचे जाड झाकण तेथे ठेवले तर ते लगेच तापू लागते. म्हणून आमच्याकडे आधी बटण बंद आणि मग सांडशी, असा क्रम आहे. उलथणे, डाव, झाकणे काचेवर ठेवायची नाहीत, ॲल्युमिनियमची फॉइल तर मुळीच नाही. रेंज थांबल्यावर आतला पंखा काही मिनिटे फिरत राहतो. तो आवाज नको म्हणून भिंतीवरचा स्विच लगेच बंद करणे हा माझ्या नवऱ्याचा सुरुवातीचा उद्योग होता. पण तो पंखा आतील इलेक्ट्रॉनिक भाग थंड करण्यासाठी असतो, म्हणून तो थांबेपर्यंत स्विच चालूच ठेवावा.

तेलाच्या बाबतीत मात्र खरी सावधगिरी हवी. थोडे तेल घातलेली कढई सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली की मिनिटभरातच धूर येतो, आणि समोर ज्योत नसल्यामुळे आपण त्या कढईकडे जितके लक्ष द्यावे तितके देत नाही. चकल्यांच्या वेळी नऊपैकी पाचव्या पातळीवर सुरुवात करून पिठाची छोटी गोळी टाकून अंदाज घेतला आणि घाणा संपेपर्यंत तेथून हललो नाही. तेल पेटलेच तर झाकण घालायचे आणि भिंतीवरचा स्विच बंद करायचा. पाणी टाकायचे नाही. फोडणीच्या वेळी मोहरी तडतडली की बटण बंद करताच उष्णता जवळजवळ तत्काळ थांबते. दूध उतू जाण्याचे प्रकारही फार कमी झाले. जे झाले त्यात दूध बटणांच्या पट्टीवर आले आणि ओल्या पट्टीमुळे रेंज पीं पीं करत स्वतःच बंद पडली.

भांड्यांचा खर्च धरून ठेवावा. फ्रिजवरचे चुंबक घेऊन मी मांडणीसमोर बसले तेव्हा सासूबाईंच्या वेळची कल्हईची पितळी पातेली, तांब्याचा बंब आणि ॲल्युमिनियमचे सगळे टोप बाद झाले. स्टीलच्याही निम्म्या भांड्यांना चुंबक चिकटले नाही, कारण घरगुती स्टीलच्या अनेक प्रकारांना चुंबक ओढत नाही. लोखंडी कढई चिकटली, पण तिचे बूड गोल. काचेला ती एका ठिपक्याएवढीच टेकते. सपाट बुडाची नवी घ्यावी लागली. आमच्या रेंजवर १२ सेंटीमीटरपेक्षा लहान बूड ओळखले जात नाही, त्यामुळे फोडणीच्या पळीचा तर प्रश्नच मिटला.

तव्याने सर्वांत जास्त शिकवले. पहिल्या आठवड्यात पातळ स्टीलचा तवा रिकामाच पूर्ण शक्तीवर ठेवला. त्याचे पोट मध्येच फुगले आणि नंतर तो काचेवर भोवऱ्यासारखा फिरू लागला. मग बिडाचा जाड तवा आणला. तवा २६ सेंटीमीटरचा आणि त्याखालची कॉइल १८ सेंटीमीटरची, त्यामुळे सुरुवातीला भाकरीची कड कच्ची आणि मध्य करपलेला असे होई. आता तवा पाच मिनिटे मंद पातळीवर तापवून मगच शक्ती वाढवतो, त्यामुळे उष्णता कडेपर्यंत पसरते. पोळी कापडाने दाबली की तव्यावरच फुगते. ज्वारीची भाकरी मात्र ज्योतीवर फुगते तशी येथे फुगत नाही, हे मान्य करावे. बिडाचे भांडे काचेवरून सरकवायचे नाही, उचलायचे; खाली मिठाचा एखादा खडा असला तरी काचेवर कायमची रेघ उमटते.

काचेविषयीचा माझा धडा संक्रांतीच्या आदल्या रात्रीचा आहे. गुळाचा पाक गोळीबंद झाला की नाही ते पाहताना डावातून चमचाभर पाक तापलेल्या काचेवर पडला. थंड झाल्यावर वडीसारखा सुटेल असे वाटले, म्हणून मी तो तसाच ठेवून लाडू वळायला बसले. रात्री अकराला तो खरवडला तेव्हा काचेचा बारीक कपचाही सोबत आला. साखर किंवा गूळ काचेला घट्ट धरतो आणि थंड होऊन आकसताना काचेचा पापुद्रा ओढून घेतो. बर्नर बंद करून, हाताला जाड कापड गुंडाळून, काच गरम असतानाच पातीच्या स्क्रेपरने तिरके धरून तो काढायला हवा होता. आता उजवीकडच्या पुढच्या बर्नरवर बरोबर तिळाएवढा खड्डा आहे. कंपनीचा तंत्रज्ञ येऊन पाहून गेला. खड्डा आहे, तडा नाही, वापरा, पण लक्ष ठेवा, असे त्याने सांगितले. तडा केसाएवढा असला तरी त्यातून पाणी आत विजेच्या भागांत उतरू शकते, म्हणून तसे दिसताच एमसीबी पाडायचा आणि काच बदलेपर्यंत रेंज वापरायची नाही. काचेच्या वरच्या फडताळातले मसाल्याच्या बरण्यांचे ओझे मी त्याच आठवड्यात हलवले, कारण ही काच उष्णता सोसते पण टोकदार आघात सोसत नाही. रोजच्या सफाईला मऊ कापड आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब पुरतो, उतू गेलेल्याच्या पांढऱ्या डागांना थोडे व्हिनेगर. तारेची घासणी किंवा हिरवा स्क्रबर नको.

सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, पेसमेकर आहे. ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या सल्ल्यानुसार चालू इंडक्शन आणि पेसमेकर यांत किमान ६० सेंटीमीटर अंतर हवे. आम्ही त्यांच्या डॉक्टरांनाही विचारले आणि त्यांनीही अंतर राखायला सांगितले. अण्णांना पहाटेचा चहा स्वतः करायचा असतो, त्यामुळे पाइप गॅसची एका बर्नरची शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. फोडणीची पळी, भाकरी आणि पापडही तेथेच होतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली होती तो दिवस आठवला की ही शेगडी ठेवल्याचे समाधान वाटते.

ओव्हनबद्दल थोडकेच. वांगी ग्रिलखाली भरतासाठी छान भाजतात, पण धुराचा वास येत नाही. तळाला फॉइल अंथरू नये, दाराची काच खरखरीत घासणीने घासू नये. रेंज भिंतीला साखळीने बांधून घ्यावी, हे मात्र ठामपणे सांगते. उघड्या दारावर मूल चढले तर स्वतंत्र उभी असलेली रेंज पुढे कलंडू शकते आणि वरचे उकळते भांडे त्याच्या अंगावर येते. आमच्याकडे साखळी खोक्यातच होती. दुकानाच्या माणसाने ती काढलीही नव्हती.

रेंजला महिन्याला साधारण ८५ ते ९५ युनिट लागतात. एक लिटर पाणी उकळायला जेमतेम युनिटचा दहावा भाग पुरतो, पण वीजदर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने आणि उन्हाळ्यात एसीमुळे आमचे बिल ३०० युनिटांच्या पुढे जात असल्याने गॅसमध्ये वाचले त्याहून थोडे जास्तच विजेत गेले. पैसे वाचवायला कोणी ही घेऊ नये.

पावसाळ्याने दोन गोष्टी दाखवल्या. ज्योतीची गरम हवा वर जात नसल्याने वाफ चिमणीच्या गार पत्र्यावर जमते आणि तिचे थेंब पुन्हा भाजीत पडतात. आता पाणी उकळण्याआधीच चिमणी लावतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मे आणि जून ओव्हन बंदच होता. जुलैच्या पहिल्या रविवारी तो लावताच आरसीसीबी पडला, पुन्हा चढवला तर पुन्हा पडला. शेजारच्या गृहस्थांनी आरसीसीबी काढून थेट जोडणी करण्याचा सल्ला दिला, तो अर्थातच ऐकला नाही. तंत्रज्ञाने मागचा पत्रा उघडला तेव्हा आत दोन मेलेली झुरळे आणि पंख्यावर चिकट तेलाचा थर निघाला, पण कारण वेगळे होते. ओव्हन तापवणाऱ्या नळीत कॉइलभोवती भरलेली पूड हवेतला दमटपणा शोषते आणि त्यातून थोडा प्रवाह अर्थिंगला गळतो. त्याने कॉइल बाहेरून सुकवून, मोजून पाहिली आणि मगच जोडली. तेव्हापासून दर शनिवारी भाजी निवडताना मी ओव्हन रिकामाच १५ मिनिटे चालू ठेवते, आणि अजून तरी आरसीसीबी पुन्हा पडलेला नाही.