वीज बंद, राउटर बंद, अपटाइम १०० टक्के

९१,४५० रुपये. फायरवॉल-राउटरचा (इंटरनेट जोडणारा, घुसखोर अडवणारा) डबा ३८,५००, बसवणं आणि सेटिंग १५,०००, वर्षभराचं 'रिमोट मॉनिटरिंग' (लांबून लक्ष ठेवणं) २४,०००, वर १८ टक्के जीएसटी. सात महिन्यांनी 'लायसन्स रिन्यू' म्हणून आणखी १८,०००. म्हणजे १,०९,४५० रुपयांचा चुना. लिहायला लाज वाटते, पण भोसरीत माझ्यासारखे छोटे वर्कशॉपवाले खूप आहेत आणि हे बसवून देणारा गडी अजून मोकळा फिरतोय.

मी काही अडाणी नाही. सीएनसीचे प्रोग्राम स्वतः लिहितो. आई आजारी पडली, हिशेबाचं टॅली घरून उघडायची सोय हवी होती, म्हणून हे काम काढलं. शेजारच्या गाळेवाल्यानं माणूस सुचवला. बिलावर जीएसटी नंबर होता, मग शंका कशाला घ्यायची? तो नंबर पोर्टलवर फुकट तपासता येतो. मी तपासला तो सगळं झाल्यावर. रद्द झालेला निघाला.

आता तो गुरुवार. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, त्यात महावितरणचं काम. सकाळी १० ते दुपारी ४ लाइट नाही, आणि यूपीएसची बॅटरी बदलायला गेलेली. एक डिस्पॅच अडकला होता म्हणून मी गाळ्यावरच होतो. राउटर माझ्या डोळ्यांसमोर मेलेला, एकही दिवा लागत नव्हता. संध्याकाळी ७ ला रोजच्यासारखा व्हॉट्सॲपवर रिपोर्ट आला: अपटाइम (राउटर चालू असलेला वेळ) १०० टक्के, हिरवा आलेख, खाली हात जोडलेले. मी फोन केला. म्हणाला, "साहेब, ते क्लाउडवर चालू असतं." आणि मी "बरं" म्हणालो! त्या "बरं"साठी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मॉनिटरिंग घेतलं असेल तर आजच राउटरची वायर उपटा. दहा मिनिटांत फोन आला नाही, तर तुमच्यावर कुणीही नजर ठेवत नाहीये.

अकराव्या महिन्यात एका सोमवारी टॅलीच्या सगळ्या फायली लॉक, वर खंडणीची चिठ्ठी. खंडणी दिली नाही. चार महिन्यांच्या नोंदी कागदांवरून पुन्हा चढवल्या.

दुसऱ्या माणसानं डबा उघडून दाखवला तेव्हा घाम फुटला. व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची सुरक्षित वाट, नव्हतंच. ३८,५०० च्या डब्यानं पोर्ट ३३८९, म्हणजे लांबून मशीन चालवायचं दार, सरळ टॅलीच्या मशीनवर सोडलेला, कुणीही यावं. टेलनेट, म्हणजे पासवर्डसकट सगळं उघडं पाठवणारी जुनी लॉगिनची सोय, चालू. पासवर्ड खोक्यावर छापलेलाच. एसएनएमपीचा (राउटरची माहिती लांबून वाचायची सोय) कम्युनिटी शब्द, म्हणजे त्याचा पासवर्डच, 'पब्लिक', तोही बाहेरच्या जगाला खुला. शिवाय 'सपोर्ट२' नावाचा पूर्ण अधिकारांचा एक युजर. राउटरमधले युजर किती आणि कोण, हे आज स्वतः बसून मोजा.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा, "पैसे तुम्हीच दिले ना? मग हे दिवाणी." मग सायबरवाल्यांकडे धाडलं. ते म्हणाले, घुसले कधी ते लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदींमध्ये, दाखवा. लॉग काढला, तर प्रत्येक नोंद १ जानेवारी १९७० ची! त्या पठ्ठ्यानं घड्याळसुद्धा लावलं नव्हतं. साहेब हसले. मी तिथे रडायच्या बेताला आलेलो. तिसऱ्या फेरीला, मशीन जमा करा. किती दिवस? सांगता येत नाही. मग धंदा काय तुमच्या टेबलावर करू? चौथ्या वेळी अर्जावर शिक्का मिळाला, आवक क्रमांक नाही. शिक्क्यावर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, माझे जाऊन वर्ष होत आलं होतं. सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ चा आदेश सांगतो, घटना ६ तासांत कळवा, लॉग १८० दिवस ठेवा. माझ्याकडे ठेवण्यासारखं होतं काय, तर १९७० साल.

हो, ॲडमिन पासवर्ड स्वतः घाला, कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. राउटरचं सेटिंगचं पान इंटरनेटवरून उघडता कामा नये, आधी व्हीपीएन, मग ते. एसएनएमपी लागतच असेल तर व्हर्जन ३. आणि पूर्ण पैसे आधी देऊ नका, मी दिले.

त्याचा नंबर ब्लॉक करू नका, पुरावा आहे, असं पोलिसांनी सांगितलंय. डबा दीड महिन्यापासून कपाटात पडलाय, वायरसुद्धा लावलेली नाही. काल संध्याकाळी ७ ला रिपोर्ट आला. अपटाइम १०० टक्के.